उकंड्यावरची भारंगी

आमचे सरपंच गुणवंतराव म्हन्जे अंगात इस्त्रीचा कुर्ता अन् डोक्यात भुसा. त्याईनं गावात फुलपाखरांची बाग कराची ठरवली, दोन वर्सांनी श्रावणात साहेब लोक पाह्याले येनार म्हनून. मी बावीस वर्सं नर्सरीत पिशव्या भरल्या, तवा रोपं कराचं काम मलेच सांगितलं.

मी भारंगी लावली. आपल्याच जंगलातली हाये, मानसाएवढी वाढते, निळे तुरे आले का मधमाशा अन् फुलपाखरं हटत नाईत. चाळीस पिशव्या, दोन वर्सं, बोरिंगचं पानी डोक्यावर वाहून जगवल्या. गावानं एकदा तरी म्हनावं, हे मनकर्णानं केलं. बस, एवढंच पाह्यजे होतं मले.

भारंगी उन्हाळ्यात वरून वाळते, खाली मूळ जित्तं राह्यते. बकऱ्या चारनाऱ्यालेही मालूम हाये हे. पन सरपंचाले कुठचं?

"मनकर्णाबाई, काड्या पाळून राह्यली का तू?"

"भाऊ, झोपली हाये ते. पानी पडू द्या."

चार मानसांपुढं फिदीफिदी हासला. "झाड झोपते म्हन! म्हातारीचं डोस्कं फिरलं."

अन् ट्रॅक्टर लावून चाळीसही पिशव्या माह्याच घरामागच्या शेनाच्या उकंड्यावर ओतल्या. नवरा गेला तवा मी लोकांत रडली नाई, त्या दिवशी रडली. रागानं मग त्या पिशव्याले हातही लावला नाई.

बागेत त्यानं शहरातून गुलाब आनले, रंगीत कुंड्या आनल्या. पानी पडलं. इकडं फाटल्या पिशव्यातून शेनखत खाऊन भारंगीले कोंब फुटले. श्रावणात छातीएवढी झाली, निळीनिळी.

साहेब आले. बागेत फुलपाखरू औषधालेही नाई. एक माशी होती, ते पेढ्यावर. साहेबासंगची मॅडम म्हने, "तिकडं काय उडून राह्यलं?" अन् सरळ माह्या घरामागं. चपला शेनात बुडल्या तरी फोटो काढतच होती.

"कोनी लावली हे?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात गुणवंतराव म्हनाले, "आमीच. मुद्दाम उकंड्यावर. खत भेटते ना!"

बेशरम मानूस!

आठ दिवसांत उकंड्यावरच फलक लागला: फुलपाखरू उद्यान. खाली मोठ्या अक्षरात सरपंचाचं नाव. माह्यं कुठीच नाई. "फलक काढाले सांगावं का?" शेजारची मीराबाई विचारते. मी म्हनलं, काऊन? राहू दे.

उकंडा माहा हाये. माह्या बापजन्मी मी कोनाले विचारून शेन टाकलं नाई. रोज सकाळी टोपलंभर टाकते भारंगीच्या बुडाशी. काही फलकावर उडते, त्याले मी काय करू?

काल पाह्यलं, नाव सारं झाकून गेलं. फुलपाखरं तरी आलीच.