बाबांसाठी काढलेला पिवळा बाण

मी एक जुना मॉड आहे, आणि माझ्या मनातला राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मॉड म्हणजे मूळ खेळाला एखाद्या खेळणाऱ्यानेच जोडलेली वाढीव सोय. अंतराळयानाच्या एका व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर वाट दाखवणारा जाड पिवळा बाण, तोच मी.

मित्रांनो, मला ताईने घडवले. तिचे बाबा निवृत्त बसचालक. उभा जन्म रस्त्यावर गेला, पण या खेळात ते हटकून भरकटायचे. "डावं-उजवं कळतं गं, हे वर-खाली कोण लक्षात ठेवणार?" म्हणून वैतागायचे. मग ताई स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसली. एकेका ग्रहापर्यंत वीस-वीस वेळा यान नेऊन तिने वाटेच्या दिशा-अंतरांचे आकडे टिपले. बाबांना बारीक दिसत नाही म्हणून मला जाडजूड केले. वाटेची खात्री नसेल तेव्हा लुकलुकायचे, हेही तिनेच मला शिकवले. बाबा पहिल्यांदा धडपणे पोचले, तेव्हा खुर्चीतच टाळ्या पिटू लागले.

पुढे तिच्या धाकट्या भावाने मला उचलले. ताईचे नाव पुसून स्वतःचे घातले, लुकलुकणे गबाळे दिसते म्हणून काढून टाकले आणि मला जगभर वाटले. हजारो लोकांनी त्याची पाठ थोपटली. ताईने विचारले, तर म्हणाला, "घरातलंच आहे ना? तुझं-माझं काय करतेस!" ती आपल्या कामाला लागली. मी मात्र दबा धरून बसलो.

वर्षभराने खेळ बनवणाऱ्यांनी सगळे ग्रह हलवले. माझे आकडे शिळे झाले, पण भाऊरायांना त्याचा पत्ताच नव्हता. त्याच आठवड्यात या खेळाच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, भरल्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर तो माझे कौतुक करायला उभा राहिला. "डोळे झाकून बाणामागे जायचं," यान चालवत तो माइकवर म्हणाला. समोर सूर्य आहे हे मला दिसत होते. लुकलुकायची सोय त्यानेच काढून टाकली होती, पण ती असती तरी मी लुकलुकलो नसतो. यान थेट सूर्यात! सभागृह खो खो हसले. मला इतके बरे वाटले म्हणून सांगू!

घरी येऊन तो ताईपुढे उभा राहिला. "एवढं दुरुस्त करून दे ना. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"देते. आधी सगळ्यांना सांग, हे कोणी बनवलं."

"आता? लोक काय म्हणतील?"

"तेच तर ऐकायचंय मला," ताई म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

त्याने मान खाली घालून सगळे खरे जाहीर लिहिले. ताईने मला दुरुस्त केले. तिने त्याला माफही केले असेल, मी केलेले नाही. मित्रांनो, ज्याचे काम त्याच्याच नावाने जपा. आणि दुसऱ्याच्या कष्टावर आपले नाव घालायची फारच हौस असेल, तर ते बिघडल्यावर आपल्याला दुरुस्त करता येईल का, एवढे तरी आधी बघा.