सातवाले गेले

आमच्याकडे ‘गेले’ म्हणजे घरी गेले. एवढं आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे.

नऊ इस्पितळांचा समूह, सगळ्यांचा एकच संगणक, आणि आमच्या इस्पितळात त्याच्यापुढे बसलेली मी. बावीस वर्षं झाली. वॉर्डातून फोन येतो, ‘बारावाले गेले’, की मी बारा नंबरपुढे ‘सुट्टी’चं बटण दाबते. खाट मोकळी, औषधं बंद, जेवणाचं ताट बंद आणि घरच्यांच्या मोबाइलवर आपोआप संदेश. वॉर्डवाले चार शब्द जास्त बोलत नाहीत आणि मीही ऐकायला थांबत नाही. टेबलावर तीन फोन, आणि मेले तिन्ही एकदमच बोंबलतात.

आणि कोणी वारलं तर? तर ‘वारले’ म्हणायचं नाही. आमच्या साहेबांनी दोन वर्षांपूर्वी परिपत्रक काढलं, की असले शब्द फोनवर उच्चारू नयेत, शेजारच्या खाटेवरची माणसं घाबरतात. त्याऐवजी ‘पांढरी फाइल’ म्हणावं. साहेबांना परिपत्रकांचा भारी सोस. आम्ही त्यांना परिपत्रकसाहेबच म्हणतो. पांढरी फाइल म्हटलं की मी दुसरं बटण दाबायचं, मग मुख्य कचेरीतला संपर्क विभाग घरच्यांना मोबाइलवर कळवणार. डॉक्टरांनी कळवायचं नाही, सिस्टरनं नाही, आणि मी तर नाहीच नाही. मला ते बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी साडेअकराला फोन आला. वॉर्डात नवी सिस्टर होती, येऊन आठच दिवस झालेले.

"सातवाले आजोबा गेले," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. मला वाटलं, बुजतेय.

"कधी?"

"दहा मिनिटं झाली."

"काही त्रास?"

"नाही. शांतपणे गेले."

"झकास," मी म्हटलं आणि बटण दाबलं. तिनं फोन ठेवला. मीही ठेवला, कारण दुसरा वाजत होता.

सातवाल्या आजोबांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या बायकोचा आवाज पक्का ओळखीचा. नऊ दिवस रोज दहाच्या ठोक्याला फोन. गुडघ्यांनी दगा दिलेला, घरात ही दोघंच, त्यामुळे म्हातारीला येता यायचं नाही. "काल जेवले का गं? खोकला कसा आहे?" फुप्फुसांचा आजार होता, पण उतार पडत होता. आज-उद्या सोडू, असं डॉक्टर म्हणालेच होते. "आजी, तुम्ही काळजी केल्यानं त्यांची फुप्फुसं सुधारत नाहीत," असं मी तिच्यावर खेकसायचे. ती हसायची. खरं सांगते, तिचा फोन आला नसता तर मला चुकल्यासारखं झालं असतं.

पावणेबाराला तिचाच फोन. "अगं, शेजारणीनं मेसेज वाचून दाखवला. ‘अभिनंदन, आपले रुग्ण घरी निघाले आहेत.’ खरं ना?"

"खरं म्हणजे काय! मीच पाठवलाय. गेले हो आजी, अगदी शांतपणे गेले."

"एकटे कसे येतील गं?"

"आमची गाडी दारात आणून सोडते. तुम्ही अंथरूण घालून ठेवा बघू."

साडेबाराला पुन्हा. "अजून आले नाहीत गं." मी म्हटलं, "रस्त्यात गर्दी असेल. जिवाला उगाच घोर लावून घेऊ नका." आणि डबा उघडून जेवले. चवीनं जेवले, तेही सांगून टाकते.

एकला तळघरातून, शवागार सांभाळणाऱ्या मामांचा फोन आला. "बाई, सातवाल्यांची पांढरी फाइल कुठाय? बिनकागदाचं माणूस मी ठेवून घेत नाही."

"मामा, तुमचं काहीतरी चुकतंय. सातवाले घरी गेले."

"घरी?" मामा म्हणाले. "अहो बाई, ते माझ्यासमोर आहेत."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. मी खुर्चीतच होते, हातात फोन होता, आणि कानात माझाच आवाज. झकास. झकास म्हणाले होते मी.

मी धडधडत जिना चढून वर गेले. त्या पोरीची सालटीच काढणार होते. ती सात नंबरच्या रिकाम्या खाटेची चादर बदलत होती. "पांढरी फाइल म्हणता येत नव्हतं तुला?" मी ओरडले. तिला परिपत्रक कोणी दाखवलंच नव्हतं.

"ताई, आमच्या घरी ‘गेले’च म्हणतात," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "तुम्ही झकास म्हणालात, तेव्हा मला वाटलं, इथं असंच असतं."

आमच्याही घरी ‘गेले’च म्हणतात. माझे वडील गेले तेव्हा मीच सगळ्यांना तसं सांगितलं होतं. मग मी काय ओरडणार, कपाळ?

परिपत्रकसाहेबांकडे गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. ते पाणी पीत होते, तो पेला तसाच हातात राहिला. मग म्हणाले, "आधी नोंद दुरुस्त करा. संदेश आपोआप जाईल."

"साहेब, म्हातारी दाराकडे डोळे लावून बसलीय! तिला हे मोबाइलवर कळवायचं?"

"आपण बोलायचं नाही. तो आपला विभाग नाही."

"मग मला काढून टाका," मी म्हटलं. "पण मी सांगेपर्यंत त्या बटणाला हात लावू नका. तिला माणसाच्या तोंडून कळू दे." बावीस वर्षांत मी साहेबांशी असं कधी बोलले नव्हते. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "अर्धा तास. त्यापुढे मला थांबता येणार नाही."

पत्ता पडद्यावर होता. चालत वीस मिनिटांचा रस्ता. मी निम्मा पळाले, आणि मग चुकीच्या इमारतीचे दोन मजले चढून उतरले.

दार उघडंच होतं. उंबऱ्याशी आजोबांच्या चपला पुसून जोडीनं ठेवलेल्या. आजी भिंतीला धरून उठली. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मला तिथंच मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

"अगंबाई, फोनवरची ना तू? स्वतः आणून सोडलंस त्यांना?" तिनं माझ्या खांद्यावरून मागं जिन्याकडे पाहिलं. "हे काय, गाडीतच बसवून आलीस का?"

"आजी, बसा आधी."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. साहेब घड्याळाचे पक्के. "वाच बरं," तिनं तो माझ्या हातात दिला. "चष्मा कुठं ठेवलाय देव जाणे."

पडद्यावर होतं, ‘आपल्या रुग्णाच्या निधनाबद्दल आमचा समूह दुःखी आहे.’ मी मोबाइल पालथा घातला.

"आजी," मी म्हटलं, "ते गेले."

"हो गं, ते तू मघाशीच सांगितलंस की." ती हसली. "आता कुठवर पोचले, ते लिहिलंय का त्यात?"

परिपत्रक निघाल्यापासून हा शब्द मी नोकरीवर असताना तोंडातून काढला नव्हता. "आजी, आजोबा वारले. अकरा वीसला. तिथंच, खाटेवर. ते घरी निघालेच नव्हते. चूक माझी आहे."

ती रडली नाही. आतल्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर होती, उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला. तिकडे तिनं एकदा पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"अकरा वीसला," ती म्हणाली. "आणि पावणेबाराला तू मला अंथरूण घाल म्हणालीस."

"हो, आजी," मी म्हटलं.