पूर्वेची मोरी

गोरक्षच्या नातीचं, वेदिकाचं, लग्न झालं ते दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात. मांडवाचे बांबू अजून दारात पडलेले होते, लाडवांचा डबा अर्धा शिल्लक होता, आणि त्यातच क्रीडा मंडळाची चिठ्ठी आली. नांदूर नाक्याच्या अलीकडचं मंडळाचं स्टेडियम ठेवायचं की पाडून जागा बिल्डरला द्यायची, हे ठरवायला जानेवारीच्या पहिल्या रविवारी सभासदांची सभा होती. सोळा वर्षं मैदान राखलेला माणूस म्हणून गोरक्षने यावं आणि दोन शब्द बोलावेत, असं खाली लिहिलं होतं.

गोरक्षने चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली. जेवताना काढून पुन्हा वाचली. त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही.

अठरा वर्षं ते स्टेडियम बंद होतं. फाटकाला कुलूप, मैदानात बाभळी, आणि पूर्वेकडची गॅलरी एका अंगाने वीतभर खचलेली. दोन हजार सहाच्या जुलैत, पावसाने जोर धरल्यावर, ती खचली. कुणाला लागलं नाही, कारण वर कुणी बसलेलं नव्हतं. पण दोष कुणाचा हे गावाने दोन दिवसांत ठरवून टाकलं. गॅलरी बांधली होती सलीम मिस्त्रीने. मिस्त्रीने सिमेंटात हात मारला, असं चहाच्या टपरीवर बोललं गेलं आणि तेच पुढे चालत राहिलं.

सलीम हा गोरक्षचा जिवाभावाचा माणूस. गॅलरीचं काम चाललं होतं तेव्हा दोघं एका झाडाखाली डबा सोडायचे. गॅलरी खचल्यावर सलीमने एकही स्लॅब ओतला नाही. लोकांच्या हाताखाली फरशी बसवायची कामं केली. स्वतःच्या घरावर दुसरा मजला चढवला तेव्हा स्लॅबला दुसरा मिस्त्री लावला आणि आपण येवल्याला बायकोच्या माहेरी जाऊन बसला. त्याने कुणाशी वाद घातला नाही, कारण वाद घालायला त्याच्याकडे काही नव्हतं. आपलंच काहीतरी चुकलं असणार, हे त्यानेही मानलं होतं.

दर पावसाळ्यात तो सायकल काढायचा आणि आपण आजवर बांधलेली घरं पाहून यायचा. एकवीस घरं होती. दाराशी उभं राहून, "भाभी, छताला ओल आली का? भेग दिसली का कुठं?" असं विचारायचा. पुष्कळदा गोरक्षही सोबत असायचा. एकाही घराला भेग नव्हती. परत येताना सलीम म्हणायचा, "एवढी सगळी नीट उभी आहेत गोरख, मग तिथंच काय झालं रे माझ्या हातून?" आणि गोरक्ष सायकलच्या चाकाकडे बघत चालायचा.

तिथं काय झालं होतं, ते गोरक्षला माहीत होतं. जगात त्या एकट्याला माहीत होतं.

गोरक्ष मूळचा चांदवडकडचा, कांदेवाल्या घरातला. मैदानावर नोकरीला लागला तरी पाणी द्यायची त्याची रीत शेतातलीच राहिली. दोन हजार सहाच्या एप्रिलात कबड्डीचे मोठे सामने तोंडावर होते. गवत पिवळं पडलेलं, टँकरचं पाणी टाकावं तर ते उताराने पूर्वेच्या मोरीत शिरून गॅलरीखालून नाल्याला निघून जायचं. मग गोरक्षने त्या मोरीचं तोंड गोणपाट कोंबून, वर काळी माती चेपून बंद केलं. कांद्याच्या वाफ्यात पाणी अडवायला मातीचं दार बांधतात, अगदी तसं. पाणी मैदानात ठरलं, गवत हिरवं झालं, सामने झाले, मंडळाने त्याचा सत्कारही केला.

शेतात दार बांधणाऱ्याला ते मोडायची आठवण ठेवावी लागत नाही. पाण्याची पुढची पाळी ज्याची असते, तो येतो आणि मोडून आपल्या रानात पाणी घेतो. गोरक्षचे हात त्याच सवयीचे होते. मैदानात मात्र त्याच्यानंतर पाळी कुणाचीच नव्हती.

जूनमध्ये त्याची आई गेली, तो गावी गेला, दिवस करून पंधरवड्याने परतला. तोवर पाऊस चार वेळा झोडपून गेला होता. सगळ्या मैदानाचं पाणी मोरीशी तुंबलं, वाट मिळेना तसं मोरीच्या कडेकडेने आत शिरलं आणि गॅलरीच्या खांबांखालचा भराव धुऊन घेऊन गेलं. आठ दिवसांत गॅलरी बसली. लोक वर बघत होते. गोरक्षने खाली वाकून गोणपाट ओढून काढलं आणि नाल्यात सोडून दिलं. नोकरी जाईल, एवढंच तेव्हा मनात आलं होतं. नंतर नोकरी तशीही गेली. पण तोवर बोलायचं राहून गेलं, आणि एकदा राहिलं ते राहिलंच. प्रत्येक ईदला त्याने सलीमच्या घरी शीरखुर्मा खाल्ला आणि प्रत्येक ईदला तो तोंडात फिरला.

नाताळच्या सुट्टीत मंडळाचे अध्यक्ष धनराजभाऊ स्वतः गोरक्षच्या घरी आले.

"बाबा, लांबण लावायची नाही," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. "जमीन पहिल्यापासून खचणारी होती, एवढंच बोलायचं. पाणी धरत होती, गवत जगत नव्हतं, असं. सुलाबाईंनी सह्या गोळा केल्यात, मैदान पोरापोरींना पाहिजे म्हणून. त्यांचं एकच पालुपद, जमीन चांगली आहे, मिस्त्री खराब होता. तुम्ही म्हणालात की जमीनच खराब, तर विषय संपला."

"आन् सलीम मिस्त्री?" गोरक्षने विचारलं.

"अहो, मग तर तुमच्या दोस्ताचं भलंच! त्याच्यावरचा ठपका जाईल. एका दगडात..." धनराजभाऊ हसले आणि लाडू तोंडात टाकला. "लाडू झकास झालेत. लग्नाचे?"

ते गेल्यावर गोरक्षने लाडवांचा डबा आत नेऊन ठेवला. किती सोपं होतं. एक खोटं बोललं की सलीम सुटत होता, आणि आपणही सुटत होतो. फक्त मैदान जात होतं. दोन दिवस तो मनाची समजूत घालत होता. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की सभेत हे बोलून झाल्यावर सलीम आपले हात हातात घेईल, आभार मानेल. ते त्याला सोसणार नव्हतं.

तो रिक्षाने जुन्या नाशकात सलीमच्या घरी गेला.

सलीमच्या पत्नी जैतुनबी दारातच तांदूळ निवडत होत्या. "या, या गोरखभाऊ! नातीला सासरी धाडलं आन् आमची आठवण झाली का? पैठणी नेसली का तिनं? माझ्या भावानं स्वतः मागावर बसून विणली, हे सांगितलं ना तिच्या सासूला?"

"सांगितलं भाभी. लय खूश झाली."

सलीम आत पलंगावर टेकून बसला होता. त्या वर्षी त्याला दम लागायला लागला होता. सायकल सुटली होती.

गोरक्ष बसला नाही. बसलो तर बोलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं.

"कुठली मोरी?" सलीमने विचारलं.

"पूर्वेची."

"नाल्याला जाते ती? दीड फुटी पाइपाची?"

"हां."

"कशानं बुजवली?"

"गोणपाट. वर माती."

"किती गोणपाटं?"

"तीन. नाय, चार."

सलीमने डोळे मिटले. त्याची बोटं चादरीवर हलत होती, जशी ती पूर्वी माप काढताना हलायची. "चार गोणपाटं म्हणजे थेंब जायचा नाही. चौथा खांब पहिला बसला होता. मोरीच्या शेजारचा. मग पाचवा. मी म्हणत होतो चौथाच का? सगळ्यांत जास्त सळई त्याच्यात घातली होती मी. अठरा वर्षं झोपताना तोच खांब पुन्हा बांधतोय गोरख. रोज. दर वेळी नवी चूक निघते. कधी रेतीत मीठ सापडतं, कधी पाणी जास्त पडतं."

"सलीम..."

"माझ्यासंगं फिरलास तू. एकवीस घरं. दरसाल." त्याचा आवाज चढला नाही. "बघत होतास ना माझ्याकडं? मी लोकांना विचारत होतो, ओल आली का, आन् तू शेजारी उभा."

"चुकलं माझं. लय मोठं चुकलं."

"मोरी बुजवली ते चुकलं. तशी चूक कुणाचीबी होते. पण माझ्या सायकलीसंगं चालत राहिलास, त्याला मी काय म्हणू?"

जैतुनबी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बत्तीस वर्षांत त्या घरात पहिल्यांदा गोरक्षला कुणी चहा विचारला नाही.

"मला सांगून काय उपयोग?" सलीम भिंतीकडे वळत म्हणाला. "माझं नाव टपरीवर गेलंय. तिथं जाऊन सांग."

सभा मंडळाच्या जुन्या हॉलमध्ये भरली. साठ-सत्तर माणसं होती. धनराजभाऊंनी अहवाल वाचला, जमीन कशी खराब ते सांगितलं. सुलाबाई उठल्या. शाळेत खेळ शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती, आवाज अजून मैदानावरचाच होता.

"जमीन खराब आहे तर बिल्डर सात मजले काय हवेत टांगणार आहे का, धनराज?"

हॉल हसला. धनराजभाऊही कसनुसे हसले. "त्यांचं तंत्र वेगळं असतं बाई. आपले गोरखबाबाच सांगतील. सोळा वर्षं त्या मातीत होते ते."

गोरक्ष उठला. त्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"जमीन चांगली हाय," तो म्हणाला. "मिस्त्रीबी चांगला होता. सलीम मिस्त्रीनं एक घमेलं सिमेंट कमी घातलं नव्हतं. गॅलरी मी पाडली." आणि मग एप्रिलपासून जुलैपर्यंतचं सगळं, गोणपाटासकट, त्याने सांगितलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्या, अठरा वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"हां," गोरक्ष म्हणाला. "शिवलंच होतं."

बराच गोंधळ झाला. कुणी म्हणालं, याच्यावर केस करा. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. धनराजभाऊ त्याच्याकडे बघेनात. शेवटी हात वर करून मतं घेतली. मैदान ठेवायचं, खचलेली गॅलरी उतरवायची आणि मोरी नव्याने बांधायची, असं ठरलं. सुलाबाई बाहेर पडताना गोरक्षसमोर थांबल्या. आभार मानतील असं त्याला वाटलं. त्या म्हणाल्या, "या अठरा वर्षांत त्या मैदानावर माझ्या किती पोरी खेळल्या असत्या, मोजा कधीतरी," आणि निघून गेल्या.

मार्चच्या शेवटच्या दिवशी ईद होती. गोरक्ष धुतलेली टोपी घालून निघाला, भद्रकालीत उतरला, सलीमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला.

एप्रिलमध्ये गॅलरी उतरवायला मशीन आलं. पहिल्याच दिवशी सलीम मुलाच्या गाडीवर बसून आला. प्लास्टिकची खुर्ची टाकून तो रोज सकाळी बसायचा. गोरक्षही यायचा, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बाभळीखाली थांबायचा. चौथा खांब फुटेना. मशीनवाला घामाघूम झाला, म्हणाला, "कुणी बांधलाय हा? नुसतं लोखंड आहे." सलीम उठून जवळ गेला. फुटलेल्या तोंडावर त्याने तळहात फिरवला, आतली सळई बघितली. तिला गंज नव्हता. बराच वेळ तो तसाच वाकून उभा होता. मग दम लागला म्हणून खुर्चीवर येऊन बसला आणि लांबूनच हाक मारली, "गोरख, पाणी आण."

गोरक्षने धावत जाऊन पाणी आणलं. सलीमने ते प्यायलं, तांब्या परत दिला. त्यानंतर तो गोरक्षशी कधीच बोलला नाही.

सलीम मिस्त्री अकरा जून दोन हजार पंचवीस, बुधवारी सकाळी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी आपल्या घरी वारले.