सुनेच्या डोळ्यांतलं पाणी

मथुराकाकी पहाटे झोपेतच गेली आणि दिवस वर येईपर्यंत वाडीत तिच्या सुनेच्या रडण्याचीच गोष्ट झाली.

कुणकेश्वराजवळच्या त्या घरात किशोरी सासूच्या उशाशी बसली होती. उदबत्त्यांचा धूर खोलीत कोंडला होता आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पदराने पुसावं तर डोळे पुन्हा भरून येत. पापण्या सुजलेल्या, डोळे लालभडक. शेजारची काशीबाय तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको गो बाय. तू केलंस तितक्यां कोण करता?"

किशोरी रडत नव्हती.

सहा महिन्यांपासून तिचे डोळे असेच वाहत होते. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरूनच विम्याची कागदपत्रं तपासायची. सकाळी नवापासून कम्प्युटरसमोर बसायचं, उकाड्यापायी टेबलफॅन थेट तोंडावर घ्यायचा, आणि आकडा चुकू नये म्हणून पापणीसुद्धा न लववता बघत राहायचं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणून ती घालायची. घटकाभर बरं वाटे, मग पुन्हा तेच.

शेजारच्याच खोलीत सासू चार महिने अंथरुणाला खिळून होती. जेवण, औषधं, अंग पुसणं, किशोरीने काही कमी केलं नाही. पण मथुराकाकीला आणखी काहीतरी हवं असायचं. ती हाक मारायची, "वायच बस गो माझ्यासमोर." किशोरी कम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "काम चालू आसा, आये." त्या पहाटे नवऱ्याने, निलेशने, तिला हलवून उठवलं, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता आज रजा टाकावी लागणार. या विचाराची तिला लाज वाटत होती, तेवढ्यात डोळे झोंबायला लागले आणि बायका तिच्याभोवती जमल्या.

नऊच्या सुमाराला नणंद आली. नम्रता नांदगावला दिलेली, निलेशपेक्षा मोठी. आईच्या पायांवर डोकं ठेवून ती उठली आणि कामाला लागली. भटजींना कोण आणणार, मुंबईच्या माणसांसाठी किती वाजेपर्यंत थांबायचं, सगळं तिनेच बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. काशीबाय बाजूच्या बाईला म्हणाली, हळू म्हणाली पण किशोरीला ऐकू जाईल अशी, "चेडवाच्या डोळ्यात टिपूस नाय आणि सुनेक बघा, कशी धाय मोकलता ती."

नम्रता दारातच उभी होती. तिनेही ते ऐकलं.

तेव्हा किशोरीला बोलता आलं असतं. 'माझे डोळे दुखतात' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती बोलली नाही. उलट तिने पदर डोळ्यांना लावला आणि मान खाली घातली. पुढे कितीतरी दिवस ती पदर लावण्याची कृती आठवली की तिच्या कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या.

बाराव्यापर्यंत ती गोष्ट सगळीकडे झाली. भेटायला येणारा प्रत्येक माणूस सुनेचं कौतुक करून जाई. निघताना नम्रताने तिचा हात धरला. "आयेक तुझोच लळो होतो गो," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा तुझोच जीव जास्त जळलो." किशोरीने हात सोडवून घेतला आणि चहाचे कप उचलायला आत गेली.

महिना झाला तरी डोळ्यांचं पाणी थांबेना. नम्रताचा फोन आला. "आयेसाठी रडान रडान डोळे घालवशीत तू. बुधवारी कणकवलीक जावया. मी येतंय तुझ्यावांगडा." किशोरीने खूप आढेवेढे घेतले, पण नम्रता ऐकणारी नव्हती.

डॉक्टरबाई तरुण होत्या. नम्रता भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"महिना झाला," किशोरी म्हणाली. "सासूबाई गेल्यापासून."

डॉक्टरबाईंनी औषध लावलेली कागदाची पट्टी डोळ्याला टेकवली, निळा उजेड टाकून बराच वेळ बघितलं, पापणीची कड बोटाने हलकेच दाबली. "रडण्याने हे होत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचे डोळे कोरडे पडलेत."

"कोरडे? पाणी तर सारखं वाहतंय."

"कोरडे पडलेत म्हणूनच वाहतंय. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. ते तेल पसरतं म्हणून डोळ्यातली ओल टिकते. तुमच्या ग्रंथी तुंबल्यात. डोळा सुकतो, झोंबतो, मग एकदम पाणी सुटतं आणि गालावर वाहून जातं. धूर लागला की आणखी. हे महिन्याभरातलं नाही हं. नीट आठवून सांगा. कम्प्युटरवर काम करता?"

किशोरीने स्टुलाकडे बघितलं नाही. "सात महिने झाले," ती म्हणाली. "सासूबाई जायच्या खूप आधीपासून."

नंतरचं डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं. दुकानातले थेंब बंद करायचे. ओल टिकवणारे लिहून देते ते घालायचे. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात पिळलेला कपडा मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा. पंखा तोंडावर नको. पडदा नजरेच्या थोडा खाली हवा. "पडद्याकडे टक लावून बघताना माणूस पापण्या मिटायला विसरतो. मुद्दाम मिटा, पूर्ण मिटा. आणि दर वीस मिनिटांनी उठून लांब कुठेतरी बघा." किशोरी मान डोलवत होती. तिला अर्धंच ऐकू येत होतं.

बाहेर दोघी रिक्षा स्टँडपर्यंत चालत आल्या. मग नम्रता थांबली. "म्हणजे त्या दिसा तू रडाक नाय?"

"नाय, ताई."

"काशीबाय बोलली ता आयकलंस?"

"आयकलंय. आणि पदर डोळ्यांक लावलंय."

नम्रता रस्त्यापलीकडे बघत राहिली. "मी घरातून निघायच्या आधी न्हाणीत बसान रडलंय," ती म्हणाली. "नळ सोडून. सासरच्यांका आयकाक जाव नये म्हणान. थंय इलंय तर सगळां बघूक दुसरा कोण होता? आणि महिनोभर लोक माका कोरडी म्हणतत. नांदगावापर्यंत पोचला ता. आता मीच माका इचारूक लागलंय, मी अशी कशी."

"माझी चूक झाली, ताई."

"माका सांगान काय उपेग? जेंका खोटा दिसला तेंका सांग." आणि ती नांदगावच्या रिक्षात बसून निघून गेली.

किशोरीने दोन दिवस काढले. पंखा दुसरीकडे वळवला, कम्प्युटरचा पडदा खाली केला, वीस मिनिटांनी उठायला लागली. घरातून लांबचं दिसे ते फक्त सासूच्या खोलीच्या खिडकीतून, काजूंच्या पलीकडचं समुद्राचं पाणी. तिथे उभं राहिलं की रिकामी खाट मागे असायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तिथून वळली ती तडक काशीबायच्या घरापुढच्या खळ्यात गेली.

चार-पाच बायका कोकमासाठी रातांबे फोडत बसल्या होत्या, सगळ्यांचे हात लाल. किशोरी उभ्यानेच बोलली. "आये गेली त्या दिसा मी रडाक नाय होतंय. माझ्या डोळ्यांचो आजार आसा. ताईक तुमी बोललात, तेव्हा मी सांगूक व्हया होता. सांगूक नाय."

एक जण फिसकन हसली. काशीबायने हातातला रातांबा टोपलीत टाकला. "मगे आमी काय येडी, तुझी पाठ चोळीत बसलेली?" ती म्हणाली, आणि तिने मान फिरवली. किशोरी घरी आली. संध्याकाळपर्यंत निलेशच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "ह्यां सांगूची काय गरज होती?" तिने कोमट पाण्यात कपडा पिळला आणि डोळ्यांवर ठेवला.

पुढचे दोन महिने वाडीत तिच्याशी कोणी धड बोललं नाही. विहिरीवर ती गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. डोळे मात्र हळूहळू निवळले. खुपणं गेलं, लाली उतरली. श्रावणात एके दिवशी नम्रताचा फोन आला.

"काशीबायन फोन केल्लो," ती म्हणाली. "म्हणाली, मी भलताच बोललंय."

किशोरी फोन कानाला लावूनच सासूच्या खोलीच्या खिडकीशी गेली.

"तुझो राग माका अजून आसा हां."

"ठावक आसा."

"थेंब घालतंस मां?"

"घालतंय."

"बरां. चतुर्थीक येतलंय मी," नम्रता म्हणाली आणि फोन ठेवला.