मीठ लावलेला चिखल

सोमवारी सकाळी सहा चाळीसला, पूर्ण ओहोटी असताना, भाग्यश्री म्हात्रे पेणजवळच्या खाडीकाठच्या कातकरीवाडीत पत्र घेऊन आली. कालवांच्या मांडवांखालच्या चिखलात जिवाणू जवळपास उरलेले नाहीत, असा अहवाल होता. मांडवांना परवानगी देणाऱ्या समितीच्या शुक्रवारच्या बैठकीपर्यंत वेगळा निकाल आला नाही, तर मांडव उचलायचे.

मांडव अकरा बायकांचे. बांबूच्या चौकटी आणि त्यांना दोरीने लटकवलेली कालवं, म्हणजे खाण्याचे शिंपले. त्यांना खाद्य लागत नाही, औषध लागत नाही. भरतीचं पाणी गाळून ती वाढतात. पूर्वी यातल्या नऊजणी दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्टीवर जायच्या. यंदा एकही गेली नव्हती.

भाग्यश्री रोह्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते; अहवाल तिथलाच. कालवांची घाण तळाशी साचते. बेताची असेल तर चिखलातले जिवाणू ती जिरवतात. फार झाली तर ते मरतात, चिखल काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास मारतो. तिने मांडवाखाली हात घातला. चिखल राखाडी होता. वास नव्हता. अहवालाशी हे जुळत नव्हतं.

“मागचे नमुने कोणी भरले?”

“मीच,” गटप्रमुख गंगी वाघमारे म्हणाली. “बाटल्या जपून ठेवल्या.”

“बर्फात?”

“बर्फ दुपारीच इतळला. तुमचा माणूस आला दुसऱ्या दिशी. मंग मीठ लावलं.”

“चिखलाला?”

“मासा टिकतो नाय का? चिखल सडला असता तर आमच्यावरच आलं असतं.”

गंगीची सासू ठमाबाई काठावर कालवं फोडत बसली होती. “गो गंगे, हळद लावायची राहिली. मॅडमनी तळून खाल्ला असता.”

गंगी हसली नाही. “माज्यापायी उचलायचे मांडव?”

“चूक माझी आहे,” भाग्यश्री म्हणाली. “बर्फात ठेवा म्हणाले, कशाला ते सांगितलं नाही. चिखलातले जीव डोळ्याला दिसत नाहीत, पण आमच्याकडे ते जिवंत पोचायला हवेत. मिठाने बरेच मरतात.”

“जित्ते न्यायचे व्हते? मंग तसं बोलायचं. चिंबोरी नाय नेत आम्ही पेणच्या बाजारात, वल्लं फडकं टाकून?”

त्याच ओहोटीत सहा बाटल्या भरल्या. तीन मांडवांखालच्या, तीन तुलनेसाठी, शंभर पावलं लांबच्या. गंगीने बाटल्यांची बर्फपेटी दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही. पेणहून रोह्याच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसली. वाटेत निडी स्थानकात झाकण उचलून बर्फ बघितला.

“सारखं उघडू नका,” भाग्यश्री म्हणाली.

“बघते गो. जित्ते हायत ना?”

दुपारी भाग्यश्रीने मिठाची हकिगत लेखी कळवली. नुसत्या खुलाशावर अहवाल बदलता येत नाही, नवे आकडे हवेत, असं वरिष्ठांनी सांगितलं. जिवाणू वाढवून मोजायला पाच दिवस लागतात. म्हणजे शनिवार.

गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत मांडवांखालच्या तीन नमुन्यांपैकी दोहोंत लांबच्या चिखलाइतकीच वाढ दिसली होती. तिसऱ्यात तुरळक होती. अपुरे आकडे चालतील का, असं भाग्यश्रीने समितीच्या कार्यालयाला दोनदा विचारलं. कार्यालय सहाला बंद झालं, तोवर उत्तर आलेलं नव्हतं.