बुजवलेली गल्ली

तिने शिलाई मशीनचं चाक फिरवलं, तसा आतून गाळ भळकन बाहेर आला. मावशीने लगेच फडकं पुढे केलं.

"राहू दे गं. तू आलीस हेच खूप. पाणी काय कुणाच्या बापाचं ऐकतं?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन माळ्यावर चढवायला शेजारी आले होते, तेव्हा मावशीनेच त्यांना परत पाठवलं होतं. भाचीच्या पुराच्या नकाशात गल्ली कोरडी होती ना! तेवढ्यावर थांबेल तर ती मावशी कसली? दारोदार सांगून आली, "आमच्या पोरीने संगणकावर पाणी सोडून पाहिलंय. निवांत झोपा."

सोडलं होतं, हे खरं. जमिनीचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात पाणी किती चढतंय, किती वेगाने पळतंय, याचं गणित पुढे पुढे नेत राहायचं, हे तिचं रोजचं काम. सगळं शहर सुरळीत पार पडायचं, पण या खोलगट गल्लीपाशी घोडं अडायचं. पाण्याचा पातळसा थर उतारावरून आत घसरला की वेगाचे आकडे भलतेच फुगत आणि गणित कोलमडून पडे. नकाशा द्यायची वेळ अगदी गळ्याशी आली, तेव्हा तिने गल्लीच्या चौकोनांची उंची वाढवून आजूबाजूच्या जमिनीएवढी करून टाकली. मग गणित कसं सरळ चाललं. साहेब खूश झाले. नंतर नीट करू म्हणाली, ते राहूनच गेलं.

मावशी उंबऱ्यावरून गढूळ पाण्याची बादली ओतत होती.

"आपली गल्ली एवढी खोल आहे, हे त्या संगणकाला दिसलं नसेल बघ. तू थोडीच विसरशील? याच उतारावर पडून ढोपरं फोडून घ्यायचीस."

"दिसलं होतं."

"मग?"

"मीच बुजवली, मावशी. गणित अडत होतं म्हणून."

मावशीला आधी हसू आलं. भाचीचा चेहरा पाहून ते तिथेच विरलं. तिने अडखळत सगळं सांगितलं, तोवर मावशी रिकामी बादली धरून उभी होती.

"समोरच्या काकू लेकाकडे निघाल्या होत्या," शेवटी मावशी म्हणाली. "मीच थांबवलं. अजून दवाखान्यात आहेत."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलणार? सगळ्यांना सांगितलं, नकाशा बरोबरच होता, मलाच मेलीला वाचता आला नाही."

मावशीने बादली उपडी ठेवली, हात पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"चल, त्याच दारांवर. मी नुसती सोबत येते. बोलायचं तू."