कुत्र्याच्या नावाची ऊब

कुदळ टणकन आपटून परत आली. गोठलेल्या अंगणाचा टवकासुद्धा उडाला नाही.

"राहू दे ताई," शेजारची फेंगची म्हणाली. तिच्या काखेत कुत्र्याचं गाठोडं होतं. "कोळशाच्या खोलीत ठेवू. रिकामीच तर पडलीय."

दोंग म्हातारीने गाठोडं सोडलं, घुंगरांचा पट्टा तेवढा काढून घेतला आणि गाठ पुन्हा मारली. कुत्रं सुनेचं, नाव तांगयुआन. म्हातारीने लाडाने घातलेलं कोंबडीचं हाड घशात अडकून ते मेलं होतं.

गावात कोळसा जाळायला बंदी आली, तेव्हा मुलाने शेगडी आणि तिच्या धगीवर तापणारा झोपायचा विटांचा ओटा, दोन्ही फोडून हीट पंप बसवला. बाहेरच्या थंड हवेतूनही ऊब ओढतो म्हणे. ओढायचाही, पण किती ओढायची, ते शहरात बसलेला मुलगा मोबाइलवरून ठरवायचा. आईसाठी चौदा अंश. नव्या वर्षाला नवरा-बायको समुद्रावर गेले, कुत्रं इथे सोडलं, आणि भिंतीवरचा आकडा बावीस झाला. तेव्हापासून फेंगचीही विणकाम घेऊन इथेच मुक्कामाला. कुत्र्याच्या पुण्याईने दोघींचे गुडघे वाकू लागले होते.

त्या आत येतात तोच म्हातारीचा बटणांचा फोन वाजला.

"आई, तांगयुआन काय करतोय?"

तिने पट्टा हलवला. घुंगरं वाजली.

"हा काय, खेळतोय."

"परवा न्यायला येतो त्याला."

फेंगचीने काढायला घेतलेला कोट पुन्हा खांद्यावर ओढला.

"अरे, खोकला झालाय त्याला," म्हातारी म्हणाली. "एवढ्या गारठ्यात कुठे हलवतोस? राहू दे वसंतापर्यंत. रात्री जरा कुडकुडतो, एवढंच."

"अगंबाई!" पलीकडून सून कळवळली. "वाढव ना रे, बघत काय बसलायस!"

भिंतीवर चोवीस उमटले.

"आई, तुला फार उकडणार नाही ना?"

"माझं काय रे. काढीन कसेतरी दिवस."

फोन ठेवला. फेंगचीने कोट काढून खुंटीला लावला आणि लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला.

"आणि वसंतात मुलाला काय दाखवशील?"

"तोवर जमीन मऊ होते," म्हातारीने ऐसपैस पाय पसरले. "खणता येतं."

"कुत्र्यापुरतंच, की आपल्यापुरतंही?"

म्हातारीने पट्टा फोनशेजारी नीट ठेवला.

"माप तेव्हा बघू."